सर्व्हर क्रमांक सतराचे चाळीस दिवस

वाढ ही निसर्गतः एकतर्फी घटना आहे. मुलांचे पाय, कार्यालयातील टेबले, पाहुण्यांचा मुक्काम आणि लग्नाची आमंत्रणे यांना वाढण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र यांपैकी काहीही पुन्हा लहान करायचे म्हटले, की सभा बोलवावी लागते. दुन्या स्तोइल्कोविच हिला हे ठाऊक असायला हवे होते. तिचे शिक्षण भौतिकशास्त्रातले होते आणि निवलेली कॉफी आपणहून पुन्हा गरम होत नाही, हे त्या शास्त्रात दोन सत्रे लावून शिकवतात.

दुन्या ज्या कंपनीत होती तिचे नाव ‘युझ्नी ओब्लाक’, म्हणजे दक्षिणेचा ढग. हा ढग निश शहरात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत होता. कंपनीच्या मालकीचे एकही यंत्र नव्हते. दूरच्या एका शहरातील गोदामात दुसऱ्या कोणाची यंत्रे होती. त्यांचे तुकडे भाड्याने घेऊन कंपनी ते आपल्या तेवीस गिऱ्हाइकांना पुढे भाड्याने देई आणि त्या तुकड्यांना सर्व्हर म्हणे. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट त्यांवर राहत. (ढगाला गोदाम लागते, ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली जात नसे. त्यांनीही कधी विचारली नाही, यावरून परस्परविश्वासाची पातळी कळते.)

एप्रिल महिन्यात दुन्याने कोणी न सांगता मोजमाप घेतले. सर्व्हर एकूण चौसष्ट. त्यांच्या क्षमतेचा सरासरी वापर ४.१ टक्के. एकोणीस सर्व्हर केवळ चालू राहण्याचे काम करत होते आणि ते त्यांनी एकदाही चुकवले नव्हते. अकरा सर्व्हर बाकीचे चालू आहेत का, ते पाहत होते. क्रमांक सतरा कोणाचा आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.

तिने हा तक्ता संचालक ब्लागोये यांच्यापुढे ठेवला. त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांनी कंबर कमी करण्यास सांगितले होते, त्यामुळे विषय त्यांना जवळचा वाटला.

“मित्रोवदानपर्यंत चौसष्टाचे बत्तीस करायचे,” ते म्हणाले.

मित्रोवदान आठ नोव्हेंबरला येतो. जुन्या काळी गड्यांचे वर्षाचे करार त्या दिवशी संपत, आणि ब्लागोये परंपरेचा मान राखणारे गृहस्थ होते.

“आणि नाही झाले तर?” दुन्याने विचारले.

“तर तुमच्या विभागाचं दोनाचं एक करू. कुठेतरी काटकसर दिसायला नको का?”

विभागात माणसे दोनच होती. एक दुन्या, दुसरा रादिसाव, वय एकसष्ट, निवृत्तीला चार वर्षे बाकी. एवढ्या वयाच्या माणसाला निशमध्ये पुन्हा कोणी कामावर घेत नाही. वर्तमानपत्र आणायला पाठवतात. शिवाय रादिसाव दुन्याच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, म्हणजे तिचा ‘कूम’ होता. हे नाते रक्ताच्या नात्याहून जड मानतात, कारण रक्ताचे नातेवाईक निवडताना आपल्याला कोणी विचारलेले नसते. कोणाला काढायचे ते ब्लागोये बोलले नाहीत. त्यांनी फक्त रादिसावच्या खुर्चीकडे पाहिले आणि ती खिडकीपाशी आहे, छान उजेड येतो, असे म्हणाले.

“माझं काय लहान करणार ते,” रादिसाव नंतर म्हणाला. “मी आधीच एका फुप्फुसावर आणि अर्ध्या पगारावर चालतोय. मला थेट बंदच करावं लागेल.”

येथे तांत्रिक बाजू थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सर्व्हर मोठा करण्यासाठी एक बटण असते. ते हिरवे असते, प्रत्येक पानावर असते आणि चुकून दाबले तरी चालते. लहान करण्यासाठी बटण नसते. एकदा वाढवलेली डिस्क आकसत नाही; म्हणून शेजारी नवा लहान सर्व्हर उभा करायचा, जुन्यातले सगळे त्यात उचलून न्यायचे, तेवढा वेळ वेबसाइट बंद ठेवायची आणि मग जुना विझवायचा. या वीस मिनिटांच्या खंडासाठी गिऱ्हाइकाची लेखी संमती लागते. निशमध्ये लेखी संमती कॉफीशिवाय मिळत नाही, आणि कॉफी घेतल्यानंतर सहीचा विषय काढणे असभ्यपणाचे समजतात. तो दुसऱ्या भेटीत काढतात.

पहिली भेट पेर्सिदामावशींची. त्यांची बेकरी. दिवसाला चाळीस जण त्यांची वेबसाइट उघडत. पण डिसेंबरात संत निकोलाचा दिवस येतो. अर्ध्या शहराचा तो कुलसंत, आणि अर्धे शहर एकाच आठवड्यात केक मागवते. आठ वर्षांपूर्वी त्या आठवड्यात वेबसाइट अकरा मिनिटे बंद पडली. तेव्हापासून मावशींकडे सोळा पट मोठा सर्व्हर होता. त्या अकरा मिनिटांसाठी तो वर्षभर सज्ज उभा असे.

“मावशी, तुम्हाला एवढा मोठा लागत नाही,” दुन्या म्हणाली.

“दुन्ये, माझ्या घरी फ्रीजर किती आहेत?”

“तीन.”

“आणि आम्ही माणसं किती?”

“दोन.”

“मग तू मला हे शिकवायला आलीस?” मावशींनी तिच्या बशीत आणखी एक पोगाचित्सा ठेवली. “खा. आणि समोरच्या झिवोरादचा केलास का लहान?”

झिवोराद रस्त्यापलीकडचा बेकरीवाला. त्याचा सर्व्हर तेवढाच मोठा होता, आणि तो तेवढाच का होता, तर मावशींचा तेवढा होता म्हणून. तोही आपला लहान करायला तयार होता, मावशींनी आधी केला तर. मावशींचीही अट तीच होती. अशा पेचातून मोठमोठी राष्ट्रे ज्या मार्गाने बाहेर पडली, तोच दुन्याने धरला. एकाच दिवशी, एकाच क्षणी दोघांचे सर्व्हर लहान होतील आणि दोन्ही पक्ष ते समक्ष पाहतील, असे ठरले. दोघे आपापली खुर्ची घेऊन आले. (कार्यालयाच्या खुर्चीवर बसणे म्हणजे कार्यालयाची बाजू घेणे, असे झिवोरादचे मत पडले.) दुन्याने दोन्ही कळा एकदम दाबल्या. वीस मिनिटे दोघे एकमेकांच्या पडद्याकडे पाहत राहिले. मग मावशी म्हणाल्या, “झालं ना छान? आता तो जुना असू दे बाजूला.”

“मावशी, तो विझवायचा आहे. त्यासाठीच तर हे सगळं केलं.”

“विझव की. मी कुठे नाही म्हणते? पण लगेच कशाला? असू दे, कधी लागलं तर.”

“मग माझाही असू दे,” झिवोराद म्हणाला.

किती दिवस, हा प्रश्न संचालकांकडे गेला. त्यांनी विभागाचे मत मागवले.

“चाळीस,” रादिसाव म्हणाला. “माणूस मेला की आत्मा चाळीस दिवस घराभोवती घुटमळतो. आत्म्याला पुरतात, तर वेबसाइटला पुरतील.”

नियम लेखी झाला. जुना सर्व्हर चाळीस दिवस चालू राहील; त्या काळात तो कोणी उघडला नाही तर विझवला जाईल; उघडला तर चाळीस दिवस नव्याने सुरू होतील. शिवाय जुना आणि नवा दोन्ही एकाच वेळी बिघडले तर काय, अशी रास्त शंका ब्लागोये यांनीच काढल्यामुळे प्रत्येकाची एक प्रत तिसऱ्या सर्व्हरवर ठेवण्यात येऊ लागली. अशा रीतीने एक सर्व्हर लहान केला की त्याचे तीन होत. ही तात्पुरती अवस्था आहे, अशी नोंद प्रत्येक कागदावर होती.

सगळीच गिऱ्हाइके मावशींइतकी समजूतदार निघाली नाहीत. निवृत्त कर्नल स्रेतेन हे ‘वेप्र’ नावाच्या शिकारमंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या वेबसाइटवर एका रानडुकराचा फोटो आणि एक चुकलेला फोन नंबर होता. तिच्यासाठी घेतलेल्या सर्व्हरवर एखाद्या लहान देशाची जनगणना झाली असती.

“कर्नलसाहेब, तुमच्या पानावर दिवसाला सरासरी दोन माणसं येतात.”

“एक मी,” कर्नल म्हणाले.

“दुसरी मी. मोजायला येते.”

“बरं. आणि समजा, एखाद्या दिवशी एकदम पन्नास हजार आले?”

“डुक्कर बघायला?”

“कशाला ते सोड. तू शिकलेली आहेस. शक्यता किती, ते सांग.”

दुन्या शास्त्राशी प्रामाणिक होती. तिने मनात हिशेब केला. “जवळजवळ शून्य.”

“जवळजवळ,” कर्नल समाधानाने म्हणाले. “म्हणजे शून्य तर नाही ना?”

या वाक्याला भौतिकशास्त्राकडे उत्तर नाही. शेजारी बसलेल्या रादिसावकडे होते, पण ते स्त्रियांसमोर देण्यासारखे नव्हते. कर्नलांचा सर्व्हर आहे तसा राहिला.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तेहेतीस सर्व्हर यशस्वीपणे लहान करण्यात आले. चाळीस दिवस मात्र एकाचेही भरले नाहीत. आपला जुना सर्व्हर खरोखर पडून आहे ना, हे पाहण्यासाठी गिऱ्हाइके तो अधूनमधून उघडून पाहत. पेर्सिदामावशी तर दर रविवारी चर्चहून येताना पाहत. परिणामी चौसष्टांत सहासष्टांची भर पडून संख्या एकशेतीस झाली, आणि एवढ्यांची यादी कागदावर मावेना म्हणून यादीसाठी एक सर्व्हर घ्यावा लागला. एकशेएकतीस.

ब्लागोये यांनी तक्ता दोनदा वाचला. त्यांची कंबरही दरम्यान दोन बोटे वाढली होती.

“बत्तीस राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “पण मी चार लोकांत सांगून बसलोय की आम्ही सर्व्हर बंद करतोय. मला एक दाखव. मित्रोवदानच्या दुपारी बारापर्यंत एक तरी बंद कर. नाही झालं, तर मग मला दुसरीकडे कात्री लावावी लागेल, आणि रादिसावला मीच समजावून सांगेन. तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

बंद करण्यासारखा एकच होता. क्रमांक सतरा. त्याला गिऱ्हाईक नव्हते, म्हणजे ‘असू दे’ म्हणणारे कोणी नव्हते. आणि त्याची चाळीस दिवसांची मुदत सप्टेंबरच्या वीस तारखेलाच सुरू झालेली होती.

सतराची नोटीस रीतसर निघाली होती. अज्ञात मालकाला कळवणे नियमाने बंधनकारक होते, पण अज्ञात मालकाचा पत्ता, तो अज्ञात असल्यामुळे, उपलब्ध नव्हता. म्हणून जाहीर सूचना देणे आले. रादिसावने त्यासाठी शहरातले सर्वाधिक वाचले जाणारे माध्यम निवडले. निशमध्ये कोणी वारले की काळ्या चौकटीतला कागद छापून विजेच्या खांबांवर डकवतात, आणि जाणारायेणारा प्रत्येक जण तो थांबून वाचतो. आपले नाव नाही ना, तेवढे तरी पाहतो. त्या चौकटीत रादिसावने छापून घेतले: ‘आमचा सतरा दीर्घकालीन निष्क्रियतेनंतर लवकरच बंद होत आहे. संबंधितांनी चाळीस दिवसांत वरच्या मजल्यावर संपर्क साधावा.’ एकूण नऊ फोन आले. चार सांत्वनाचे. तिघांनी मयताच्या फ्लॅटचे पुढे काय ठरले, ते विचारले. एकाने आपण सैन्यात त्याच्याबरोबर होतो आणि माणूस फार सरळ होता, असे सांगितले. नववा फोन दाताच्या दवाखान्यासाठी होता.

मालक सापडला नाही. पण सतराकडे कोणीतरी येत होते. दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा, दर पाच मिनिटांनी, रविवार असो की सण असो. मुदत पहिल्या दिवसापासूनच पुढे सरकेना. हा पाहुणा कोण, ते शोधण्यात दुन्याचे आठवडे गेले. कार्यालयात तर्क लढवले जाऊ लागले.

“सरकारी काहीतरी असेल,” ब्लागोये आवाज खाली आणून म्हणाले. “हात लावू नकोस. म्हणजे बंद कर, पण हात लावू नकोस.”

“दर पाच मिनिटांनी येते, पण काही नेत नाही, काही ठेवत नाही,” रादिसाव म्हणाला. “सासू असणार.”

एकोणचाळिसाव्या दिवशी पत्ता लागला. पाहुणा याच कार्यालयातून, याच टेबलावरून येत होता. सतरा कोणी वापरते का, हे मोजण्यासाठी दुन्याने एप्रिलमध्ये एक लहानसा प्रोग्राम लावला होता, तोच तो. झोपलेल्या माणसाला सहा महिने दर पाच मिनिटांनी हलवून ‘झोपलात का?’ असे विचारावे, आणि तो दर वेळी ‘नाही’ म्हणतो म्हणून त्याला निद्रानाश आहे असे लिहून ठेवावे, असा तो प्रकार होता. मापनाने मोजायची वस्तू बदलते, हे दुन्या कधी काळी परीक्षेत सविस्तर लिहून आली होती. तिला तेव्हा पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

आता नियमानुसार चाळीस दिवस नव्याने सुरू व्हायला हवे होते, आणि ते मित्रोवदानच्या पलीकडे जात होते. पण प्रामाणिक चूक सुधारण्याची तरतूद प्रत्येक चांगल्या नियमात असते. भेट देणारी व्यक्ती या नात्याने दुन्याने नियम पाहणारी अधिकारी दुन्या हिच्याकडे लेखी खुलासा सादर केला. तो समाधानकारक आढळला. भेटी वगळण्यात आल्या आणि मुदत भरली.

मित्रोवदानच्या सकाळी साडेअकरा वाजता रादिसाव आपला खण आवरत होता. तांब्याचे कॉफीचे भांडे, दोन चष्मे आणि कंपनीच्या दहाव्या वाढदिवसाला मिळालेली छत्री त्याने बुटांच्या खोक्यात ठेवली. छत्री खोक्याबाहेर अर्धी राहिली.

“आताच कशाला आवरतोयस?” दुन्या म्हणाली. “दहा मिनिटांचं काम आहे. फक्त ‘आत काय आहे’ हा रकाना भरला की विझवते.”

“भर की. मी काही पळून जात नाही.”

तिने सतरा उघडला. आत एकच फोल्डर होता. त्यावर पंधरा वर्षांपूर्वीची तारीख होती. दुन्या या कंपनीत लागली ते वर्ष. फोल्डरमध्ये तीन फाइली होत्या: ‘दुन्या शेवटचे’, ‘दुन्या शेवटचे २’ आणि ‘दुन्या खरेच शेवटचे’.

तो तिचा डॉक्टरेटचा प्रबंध होता. निवत जाणाऱ्या द्रवातले भोवरे, असा विषय. थोडे दिवस नोकरी करून पुरा करू, असे ठरले होते, आणि तोपर्यंत गणित चालू राहावे म्हणून तिने कोणाला न विचारता कोपऱ्यातला एक सर्व्हर घेतला होता. गणित अजून चालू होते. द्रव अजून निवत होता.

रादिसाव तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. “कोणाचं निघालं?”

“माझं.”

“लागतंय का?”

“नाही.”

“पुढे कधी लागेल?”

दुन्याने प्रामाणिकपणे हिशेब केला. वय, दोन मुले, मार्गदर्शक प्राध्यापकांचे चार वर्षांपूर्वी झालेले निधन. “हजारात चार.”

“मग?”

रादिसावने छत्री खोक्यात नीट बसवण्याचा प्रयत्न केला. “कूमे, मी बंद कर म्हणत नाही. कर किंवा नको करूस, डिसेंबरात संत निकोलाला तुझ्याकडे केक खायला मी येणारच. पावणेबारा झालेत, एवढंच सांगतो.”

“शून्य तर नाही ना,” दुन्या म्हणाली.

कर्नलांच्या वेळचे उत्तर रादिसावकडे अजून तयार होते. त्याने ते याही वेळी दिले नाही. तो खुर्चीत बसला आणि मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागला.

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी दुन्याने हिरवे बटण दाबून एक नवा, अगदी लहान सर्व्हर उभा केला. अकरा सत्तावन्नला तिन्ही फाइली त्यात गेल्या. अकरा एकोणसाठला क्रमांक सतरा विझला. कंपनीच्या इतिहासात विझलेला तो पहिला सर्व्हर. अहवालात लिहिले: ‘बंद झालेले सर्व्हर: एक.’ नव्याने सुरू झालेले किती, असा रकाना तक्त्यात नव्हता. (तक्ता दुन्यानेच आखला होता.) एकूण संख्या एकशेएकतीस होती, ती एकशेएकतीस राहिली.

ब्लागोये यांनी सही केली आणि त्याच दिवशी चार लोकांत जाऊन सांगितले. एवढे सर्व्हर दोघांकडून सांभाळले जाणार नाहीत, असे लक्षात आल्यामुळे पुढील महिन्यात विभागात आणखी तिघे घेण्यात आले आणि रादिसाव संकोचन विभागाचा प्रमुख झाला. सतरा विझल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्याने मयताच्या प्रथेप्रमाणे गोड शिजवलेले गहू आणले. सर्वांनी एकेक चमचा घेतला. पेर्सिदामावशींनी दोन घेतले आणि उरलेले डब्यात भरून नेले.

या सगळ्या मंडळींना हसण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. फक्त एक औपचारिकता पुरी करावी. आपल्या खिशातला फोन काढावा. त्यात एक नंबर आहे. तो लावला तर पलीकडे कोणी उचलणार नाही, हे आपल्याला पक्के माहीत आहे. त्या माणसाच्या दिवसांना आपण स्वतः गेला होतात. फोन नवा घेतलात तेव्हा बाकीचे कितीतरी गाळले, पण हा नंबर नव्या फोनमध्येही आला. तो काढून टाकायला बटण आहे. वीस मिनिटेही लागत नाहीत, कोणाची संमती लागत नाही, कॉफीही प्यावी लागत नाही.

काढा. घाई नाही, नियमाप्रमाणे चाळीस दिवस आहेत. आणि अजून आहे ना, हे पाहायला मध्येच उघडलात, तर ते नव्याने सुरू होतील.